पाच वर्षांनी पुन्हा दारात

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात १९९६ च्या दहावीच्या तुकडीतर्फे केलेलं भाषण)



संयोजकांनी फोनवर विषय सांगितला तो असा : 'आपल्या भागातली एक व्यक्ती'. वेळ पंधरा मिनिटं. माझ्या आधीचे तिघंही आपल्या सरांबद्दल आणि बाईंबद्दल फार सुंदर बोलले. मीही तेच करणार होते. पण पुण्याहून येताना गाडीत आईशी गप्पा झाल्या आणि विषय बदलला. आई आज इथे तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिला मी काय बोलणार ते माहीत नाही, त्यामुळे घरी गेल्यावर माझं काय होईल ते मी सांगू शकत नाही.

मी आज प्रभाताई राव यांच्याबद्दल बोलणार आहे. आपल्या पुलगावच्या आमदार. मागच्या रांगेत लगेच कुजबुज सुरू झाली, ती अपेक्षित होती. शाळेच्या कार्यक्रमात राजकारण नको, हा नियम मलाही मान्य आहे. त्यांना जाऊन पंधरा वर्षं होऊन गेली, त्यामुळे आज प्रचाराचा प्रश्न येत नाही. आणि मी काही फक्त कौतुक करायला उभी नाही.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, विशेषतः इथे बसलेल्या अकरावी-बारावीच्या मुलामुलींसाठी थोडक्यात सांगते. प्रभाताईंचा जन्म १९३५ चा, खंडव्याचा. राज्यशास्त्रात एम.ए. १९७२ मध्ये त्या पहिल्यांदा विधानसभेत गेल्या. मग १९७८, १९८० आणि १९८५. सलग अठरा वर्षं. १९९० ते १९९५ त्या सभागृहाबाहेर होत्या. १९९५ मध्ये परत आमदार. १९९९ मध्ये वर्ध्याच्या खासदार. राज्यात त्या मंत्री होत्या, विरोधी पक्षनेत्या होत्या, प्रदेश काँग्रेसच्या अध्यक्ष होत्या, तेही दोनदा. २००८ मध्ये हिमाचल प्रदेशच्या राज्यपाल झाल्या, नंतर राजस्थानच्या. त्या पदावर असतानाच २६ एप्रिल २०१० रोजी दिल्लीत हृदयविकारानं गेल्या.

हे सगळं सामान्यज्ञानाच्या पुस्तकात सापडेल. मला सांगायचं आहे ते आमच्या घरातलं.

आमचं गाव इथून सहा किलोमीटरवर. मी सायकलनं शाळेत यायचे. घरी सात एकर कोरडवाहू, मुख्य पीक कापूस. कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली १९७२ मध्ये, म्हणजे प्रभाताई पहिल्यांदा निवडून आल्या त्याच वर्षी. तरुण मुलांना कल्पना येणार नाही म्हणून सांगते. कापूस विकायचा तो सरकारलाच. संकलन केंद्रावर बंड्यांची रांग, रात्र रात्र तिथेच मुक्काम. मग ग्रेडर येणार, बोंडात हात घालणार आणि प्रत ठरवणार. आणि त्यानंतर चुकाऱ्याची वाट बघायची. आमच्या घरात शाळेचे कपडे, दवाखाना, बहिणीचं लग्न, सगळं 'चुकारा आला की' या तीन शब्दांवर थांबलेलं असायचं. त्या काळात कापूसपट्ट्यातल्या आमदाराला लोक पहिला प्रश्न विचारत तो रस्त्याचा नसे, तो चुकाऱ्याचा असे.

माझ्या वडिलांच्या सदऱ्याला शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला असायचा. शरद जोशींची सभा कुठेही असली तरी ते जायचे. १९८६ मध्ये चांदवडला संघटनेचं महिला अधिवेशन झालं, तेव्हा आमच्या गावातून बायका गेल्या होत्या. आई गेली नाही, कारण मी आजारी होते. हे ती अजून ऐकवते. पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम आला. शेतकऱ्यानं आपल्या जमिनीचा एक तुकडा स्वतःहून बायकोच्या नावे करायचा. वडिलांनी सातपैकी दोन एकर आईच्या नावे केले. तलाठ्याकडून सातबारा आला तेव्हा आईनं तो देवाजवळ ठेवला नाही, तांदळाच्या डब्यात ठेवला. तिथे उंदीर जात नाहीत म्हणून.

तर १९९० ची निवडणूक. मी तेव्हा दहा वर्षांची. वडिलांचं मत कुणाला, हे बिल्ल्यावरच लिहिलेलं होतं. प्रश्न आईचा होता. आदल्या रात्री जेवताना वडिलांनी विचारलं, "काहून वो, तू कोणाले देशील मत?"

आई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "थे मी पेटीले सांगीन. तुमाले काहून सांगू?"

वडील हसले, मग थोडे रागावले, मग पुन्हा हसले. सकाळी दोघं एकाच बंडीतून मतदानाला गेले. आई आल्यावर मी तिला विचारलं. तिनं मलाही सांगितलं नाही. ती आजवर सांगत नाही. परवा गाडीत मी पुन्हा विचारून पाहिलं, तरीही नाही.

त्या निवडणुकीत आपल्या जिल्ह्यातून शेतकरी संघटनेच्या सरोज काशीकर विधानसभेत गेल्या, आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा प्रभाताई सभागृहाबाहेर राहिल्या. हे मी मुद्दाम सांगते आहे. एका लहानशा जिल्ह्यात त्या काळी या उंचीच्या दोन बायका राजकारणात होत्या, दोघींचे विचार एकमेकींच्या विरोधात होते, आणि आईसारख्या बायकांना त्यातून निवड करायची होती. 'बाई आहे म्हणून बाईला मत' असा हा मामला नव्हता. माझ्या घरात या दोन्ही बाजूंचे उपकार आहेत. राज्यानं ऐंशीच्या दशकात मुलींचं शिक्षण बारावीपर्यंत मोफत केलं म्हणून मी या शाळेत फी न भरता शिकले. आणि इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी आईच्या नावावरच्या दोन एकरांतल्या कापसातून गेली. यातलं एक काढून घेतलं असतं तर मी आज इथे हातात माईक घेऊन उभी नसते.

आता प्रभाताईंच्या कारकिर्दीकडे येते. त्यातल्या तीन जागा मला फार विचार करायला लावतात.

पहिली जागा १९७९ ची. १९७७ मध्ये देशभर काँग्रेस हरली. त्याच वर्षी इंदिरा गांधी आपल्या पवनारला विनोबांना भेटायला आल्या होत्या, ज्येष्ठांना आठवत असेल. मग पक्ष फुटला. फुटीनंतर कुणासोबत राहायचं, हे प्रत्येकाला ठरवावं लागलं. प्रभाताई इंदिरा काँग्रेससोबत राहिल्या. १९७८ च्या जुलैमध्ये मुंबईत पुलोदचं सरकार आलं आणि त्या विरोधी बाकांवर बसल्या. १९७९ मध्ये त्या विधानसभेत विरोधी पक्षनेत्या झाल्या. त्यांच्यानंतर लगेच ते पद प्रतिभाताई पाटील यांच्याकडे गेलं. पुढे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मृणालताई गोरे त्या जागी आल्या. विरोधी पक्षनेत्याचं काम काय असतं? सरकार जे सांगेल त्यातलं काय खरं नाही, हे रोज उभं राहून, आकडे घेऊन, नियमात बसवून सांगायचं. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना. यात टाळ्या कमी आणि अभ्यास जास्त. आमच्या क्षेत्रात दुसऱ्यानं लिहिलेल्या प्रणालीतल्या चुका शोधणारे लोक असतात. ते नसले की माल ग्राहकाकडे जाऊन फुटतो. पण त्यांचं नाव कुणाला माहीत नसतं. १९७९ मध्ये हे काम आपल्या पुलगावच्या आमदारांकडे होतं. आपण शाळेत इतक्या सनावळ्या पाठ केल्या, ही एक कधी केली नाही.

दुसरी जागा १९८५ ची. राजीव गांधींनी प्रभाताईंना प्रदेशाध्यक्ष केलं. मुख्यमंत्री होते वसंतदादा पाटील. दादांना ही नेमणूक पटली नाही आणि जूनमध्ये त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडलं. एवढ्या मोठ्या नेत्याच्या राजीनाम्याचं कारण म्हणून आपल्या आमदारांचं नाव राज्यभर झालं. यात कोण बरोबर, कोण चूक, हे राजकारणाचा अभ्यास करणारे सांगतील. मला दुसरंच दिसतं. ती नेमणूक दिल्लीतून झाली होती आणि दिल्लीतून मिळालेली जागा दिल्लीतून जातेही. पाच वर्षांनी त्या आपल्या मतदारसंघात आल्या तेव्हा मत द्यायचं की नाही हे ठरवणारी माणसं आपल्या गावातली होती. दिल्लीत एवढं वजन असलेल्या माणसालाही तळेगावच्या नाही तर देवळीच्या बाजारात उभं राहून हिशेब द्यावा लागतो. मला या व्यवस्थेतलं सर्वांत आवडतं ते हेच.

मी नोकरीला लागून बावीस वर्षं झाली. चार कंपन्या बदलल्या. प्रत्येक वेळी निघताना केक कापला, सामान भरलं आणि गेले. मागे लिहून ठेवलेल्या कामाचं पुढे काय झालं, हे विचारायला माझ्या दारात कुणीही आलं नाही. आमच्या कामात नवीन लिहिणं सोपं असतं, त्याला नाव मिळतं. वीस वर्षं चालू असलेलं सांभाळणं अवघड असतं, कारण त्यात तुमच्याच जुन्या चुका तुम्हाला भेटत राहतात. आमदारकी ही दुसऱ्या प्रकारची नोकरी आहे. १९७२ मध्ये दिलेला शब्द १९८५ मध्ये समोर येऊन उभा राहतो, आणि देणाराही तोच, मागणाराही तोच.

तिसरी जागा, १९९० ते १९९५. ही पाच वर्षं कुठल्याही परिचयात एका ओळीत संपतात. पण मला वाटतं कारकीर्द लांब होते ती अशाच वर्षांमुळे. हरल्यावर घरी बसणारे पुष्कळ असतात. त्या १९९५ ला पुन्हा उभ्या राहिल्या. तेव्हा मी पंधरा वर्षांची. बाजाराच्या दिवशी प्रचार चालू होता, आणि मी त्यांना आयुष्यात एकदाच पाहिलं ते तेव्हा, गर्दीतून, लांबून. त्या काय बोलल्या ते मला आठवत नाही. आठवतात ती माणसं. हातात घडी घातलेले कागद घेऊन थांबलेली. कुणाचा दाखला, कुणाची विहीर, कुणाच्या पोराची नोकरी. त्या निवडून आल्या, पण राज्यात सरकार युतीचं आलं, म्हणजे पुन्हा विरोधी बाक.

आता दुसरी बाजू. ती न सांगता खाली बसले तर ज्यांनी मला ताळा करायला शिकवलं त्या गणिताच्या सरांना वाईट वाटेल.

आपल्या लहानपणी घड्याळ लागत नव्हतं, मिलचा भोंगा होता. आज तो भोंगा नाही. आर्वीची छोटी गाडीही नाही. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग आपल्या जिल्ह्यात वायफडला आले, कारण विदर्भात शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबत नव्हत्या. सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर झालं, त्यात वर्धा होता. तेव्हा केंद्रात आणि राज्यात सरकार काँग्रेस आघाडीचं, आणि प्रदेशाध्यक्ष आपल्या प्रभाताई. इतकी वर्षं, इतकी पदं, इतकी जवळीक, आणि तरी कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्याची ही स्थिती का झाली? हा प्रश्न एकट्या माणसावर टाकणं अन्याय आहे. भाव दिल्लीत ठरतो, आयात-निर्यात दिल्लीत ठरते, पाऊस कुणाच्या हातात नाही. पण इतक्या लांब कारकिर्दीला हा प्रश्न विचारलाच नाही तर आपण तिला कारकीर्द मानलं नाही, नुसती पदांची यादी मानली.

आणखी एक. १९९९ मध्ये त्या लोकसभेत गेल्या आणि विधानसभेत त्यांचे भाचे रणजित कांबळे निवडून आले. २००९ पासून मतदारसंघाचं नाव पुलगावऐवजी देवळी झालं, तरी २०२४ पर्यंत आमदार तेच होते. म्हणजे १९७२ ते २०२४ या ५२ वर्षांपैकी ४७ वर्षं आमदारकी एकाच घरात होती. कुणी याला घराणेशाही म्हणेल, कुणी विश्वास म्हणेल. मी आईला विचारलं. ती म्हणाली, "बटन कोण दाबलं? आपणच दाबलं ना." मला यापेक्षा चांगलं उत्तर सापडलेलं नाही. २०२४ मध्ये आपल्याच मतदारसंघानं ते बदललंही.

आता माझा स्वतःचा हिशेब. एप्रिल २००४, लोकसभा निवडणूक. मी पुण्यात पहिल्याच नोकरीत होते. नाव इथल्याच यादीत होतं. महाराष्ट्र एक्स्प्रेसचं तिकीट काढलं होतं, उतरायचं, मत द्यायचं, रात्री परत. त्याच आठवड्यात ग्राहकाला काम द्यायचं होतं. साहेबांनी जाऊ नको म्हटलं नव्हतं, मीच तिकीट रद्द केलं. मला वाटलं, नवीन आहे, रजा मागितली तर काय म्हणतील.

मतदानाच्या रात्री आईचा फोन आला. "मंग त्वा काय केलं आज?"

"ऑफिसात होते."

"बरं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

त्या निवडणुकीत सुरेश वाघमारे निवडून आले, प्रभाताई हरल्या. माझ्या एका मतानं काही बदललं नसतं. आणि मी कुणाला दिलं असतं ते सांगणार नाही, मी आईचीच मुलगी आहे. पण ते 'बरं' माझ्या कानातून गेलेलं नाही. ज्या बाईनं नवऱ्यालाही सांगितलं नाही इतकं आपलं मत जपलं, तिच्या इंजिनीअर मुलीनं स्वतःचं मत एका तिकिटासारखं रद्द केलं होतं. आणि पुढे वीस वर्षं मी इथल्या रस्त्यांवर, इथल्या पाण्यावर, इथल्या पुढाऱ्यांवर व्हॉट्सअ‍ॅपच्या आपल्या गटात मतं देत राहिले. ती फुकट असतात.

त्या हरल्या तेव्हा ६९ वर्षांच्या होत्या. कुणी म्हणेल, आता पुरे. त्याच वर्षी त्यांनी पुन्हा प्रदेशाध्यक्षपद घेतलं आणि चार वर्षं सांभाळलं. २०१० मध्ये ज्या राजस्थानच्या त्या राज्यपाल झाल्या, तिथे त्यांच्या आधी प्रतिभाताई पाटीलही राज्यपाल होत्या. १९७९ मध्ये मुंबईच्या सभागृहात एकामागून एक विरोधी पक्षनेत्या झालेल्या दोघी. एक राष्ट्रपती भवनात, एक जयपूरच्या राजभवनात. आणि तरीही २०१९ च्या निवडणुकीत आपल्या राज्याच्या २८८ आमदारांमध्ये बायका किती होत्या? चोवीस. महिला आरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याची अंमलबजावणी अजून व्हायची आहे. ग्रामपंचायतीत आणि जिल्हा परिषदेत निम्म्या जागा बायकांना आहेत, तिथे त्या काम करताना आपण बघतो. वर जायची वाट मात्र अजून अरुंद आहे. समोर बसलेल्या मुलींनो, तुमच्यापैकी कुणाला डॉक्टर व्हायचं आहे, कुणाला माझ्यासारखं इंजिनीअर. एखादीला आमदार व्हावंसं वाटत असेल तर तेही मोठ्यानं सांगत जा. इथे कुणी हसणार नाही. हसलं तर मला नाव कळवा.

शेवटी एक कामाची गोष्ट, कारण आमच्या तुकडीनं मला नुसतं भाषण करून येऊ नको असं बजावलं आहे.

मतदार यादीत नाव घालायला आता वर्षातून चार तारखा आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झाली की आगाऊ अर्ज करता येतो. नवीन नावासाठी नमुना ६, पत्ता बदलण्यासाठी नमुना ८. आमच्या तुकडीतले आठ जण दरवर्षी एक दिवस शाळेत येऊन बारावीच्या मुलामुलींचे अर्ज भरून देतील. शाळेनं परवानगी दिली आहे. कुणाला मत द्यायचं हे आम्ही सांगणार नाही आणि तुम्हीही आम्हाला सांगू नका. आणि बाहेरगावी राहणाऱ्या माझ्या वयाच्या मंडळींनो, तुमचं नाव नेमकं कुठल्या यादीत आहे ते आज चहाच्या वेळी मोबाइलवर बघा. मी गेल्या वर्षी बघितलं. पुण्यातही नव्हतं आणि इथलंही उडालं होतं. आता पुण्यात घातलं आहे.

आई, झालं माझं बोलून. पंधरा मिनिटांची एकोणीस झाली, त्याबद्दल सरांची माफी मागते.